चेरमनसाहेबांच्या जीपची बॅटरी

सांगणारे: वैजनाथ, काळीपिवळी जीपचे ड्रायव्हर, मांजरसुंबा

मी मूळचा परळीचा, आन् परळीचा म्हनून नाव वैजनाथ, आमच्या गल्लीत एक हाक मारली की दारादारातून वैजनाथ बाहेर यायचे. बाप थर्मलच्या, म्हंजे वीज कारखान्याच्या, राखेच्या ट्रकवर ड्रायव्हर व्हता. राख म्हंजे कशी, पिठावानी बारीक, ती भाकरीत, ती पान्यात, ती मायच्या केसात, बाप घरी आला की डोळे तेवढे दिसायचे, बाकी सगळा मानूस राखेचा. मला त्या राखेची लई किळस, काय सांगू तुमाला, तवाच ठरवलं व्हतं की गाडी चालवीन पन राख वाहनार न्हाई. ट्रकवर राहून गाडी शिकलो, लायसन काढलं, लगीन झालं आन् मंग सुरेखाच्या माहेराकडं, हितं मांजरसुंब्याच्या बाजूला आलो. सुरेखा म्हंजे माजी बायको. तिच्या मामाची दूध संघात वळख व्हती. संघाच्या चेरमनला जीपवर ड्रायव्हर पाहिजे व्हता, दारू न पिनारा पाहिजे आन् तोंड बंद ठिवनारा पाहिजे. मामा म्हनला, आमचा जावई तसाच हाय. लागलो मंग. तोंड बंद ठिवायचं काम गाडी चालवायच्या कामाहून अवघड असतंय, हे तवा कुनी सांगितलं न्हाई.

चेरमनचं नाव मी घेत न्हाई. गावाचं बी घेत न्हाई. तुमी लिहिताय, उद्या कुनी वाचंल, मला हितंच ह्या रोडवर गाडी चालवायची हाय. मानूस दिसायला लई गोड, पांढरी खादी, कपाळाला भस्म, बोलताना समोरच्याचा हात हातात धरनार. दूध संघाचा चेरमन, म्हनून भाषनात सारखं दूध आन् माय. कुठं बी जावा, संकलन केंद्र असू का लग्न असू का दहावा असू, माइक हातात आला की म्हननार, मी आईच्या दुधाची शपथ घेऊन सांगतो. बाया डोळ्याला पदर लावायच्या. मी बी पयल्या पयल्यांदा गाडीपाशी हुबा राहून ऐकायचो आन् मला वाटायचं, चांगल्या मानसाची गाडी चालवतोय आपुन.

मंग दुष्काळ पडला. दुष्काळ आमाला नवा न्हाई, पन त्या सालचा लई वंगाळ. हिरी कोरड्या, बोअरमधून नुस्ती हवा, टँकर आला की बाया घागरी घेऊन पळत्यात आन् एकमेकीच्या झिंज्या धरत्यात. गुरं छावनीत. आन् त्या दिसांत, ऐका, मला रोज सकाळी चेरमनची जीप धुवायला लागायची. पांढरी जीप, रोज धुतलीच पाहिजे, धूळ बसलेल्या गाडीत साहेब बसत न्हाईत. छावनीत गुरांच्या जिभा बाहेर, आन् मी बंगल्यावर नळी धरून टायर धुतोय. रस्त्यानं बाया जायच्या, रिकामी घागर कमरंला, थांबून बगायच्या. ते खालून वाहून चाललेलं पानी बगायच्या. मला आताबी आठवलं की तोंड कडू पडतंय. मी वलं फडकं फिरवून भागवायला लागलो, तर साहेब आरशावर बोट फिरवून दाखवायचे, वैजनाथ, हे काय, म्हनून.

आता हे पानी बंगल्यावर कुठनं यायचं, तर त्यांच्या मायच्या हिरीचं. ती हीर गावाच्या शिवंला, त्या साऱ्या पट्ट्यात तेवढ्या एका हिरीला पानी व्हतं. हीर आन् तिथली जमीन मायच्या नावावर, तिला माहेरनं मिळाल्याली. त्या मायला गाव सगळं मोठी माय म्हनायचं. ती कुनाला पान्याला आडवत न्हवती. या, भरा, सांडू नका, एवढंच तिचं बोलनं. म्हातारी दम्याची, काठीवर चालायची, पन आवाज खनखनीत. नवरा असताना तिनं सोता आइल इंजिन चालू केल्यालं, मळनी यंत्र चालवल्यालं, मशिनीला न भिनारी बाई.

तर त्या उन्हाळ्यात जीपची बॅटरी उतरायला लागली. पयल्या दिवशी सकाळी चावी फिरवली, सेल्फ नुस्ता टक् करतोय. गड्याला बोलावलं, धक्का मारला, चालू झाली. दिसभर चांगली. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच. टक्. मी म्हनलो बॅटरी जुनी झाली आसंल. साहेब म्हनले, जुनी कशी, दिवाळीच्या वक्ताला तर नवी घातली. खरंच नवी व्हती. मी टर्मिनल घासले, ग्रीस लावलं, पानी बघितलं. सकाळी पुन्ना टक्. असं सुरू झालं. रोज धक्का, रोज गडी शिव्या देनार, रोज साहेब घड्याळ बगनार.

आन् मंग तो छावनीचा दिवस. आमच्या संघानं गुरांची छावनी काढली, तिला बघायला वरून मोठे पाव्हने यायचे व्हते. साहेबांना त्यांच्या म्होरं हजर राहायचं, त्यांची आगवानी करायची. आदल्या रातीला बॅटरी पार झोपलेली, सकाळी धक्क्यावर काढली, छावनीवर पोचलो. साहेब म्हनले गाडी बंद कर, आवाज नको, भाषन हाय. मी म्हनलो साहेब, बंद केली तर… तर डोळे वटारले. केली बंद. भाषन झालं, आईच्या दुधाची शपथ झाली, पाव्हने गाड्यांत बसले, निघाले, आन् आमची जीप टक्. सगळ्या लोकांम्होरं टक्. छावनीतले शेतकरी हसले. कोनतरी म्हनलं, चेरमन, दूध पाजा गाडीला. आन् पाव्हन्यांची गाडी तशीच धुरळा उडवत निघून गेली.

साहेब खाली उतरले, मला वाटलं धक्का मारायला मानसं बोलवत्याल. त्यांनी माज्या कानफटात मारली. तिथंच, समद्यांम्होरं. म्हनले, डिझेल इकत व्हतास ते मला ठाव व्हतं, आता बॅटरी बी इकायला लागलास का बे, नवी काढून कुनाची जुनी घातलीस? हप्त्यात सांग कोनाला दिली, न्हाई तर चौकीत बसवतो.

म्या आयुष्यात कुनाचं घोटभर डिझेल घेतलं न्हवतं. पन तिथं कुनाला सांगनार. हसनारे गप झाले आन् माज्याकडं बगायला लागले, जसं चोराकडं बगत्यात तसं. गालापरीस ते बगनं लागलं. घरी सुरेखानं इचारलं, गाल कावून लाल झालाय, मी म्हनलो ऊन लागलं. तिला संध्याकाळपोतर गावातूनच कळलं. ती रडली न्हाई, तवा थापत व्हती भाकरी, ती तशीच थापत राहिली, जोरजोरात.

मंग मी गेलो रफीकभाईकडं. रफीकभाईचं नाक्यावर बॅटरीचं दुकान, धाब्यांच्या रांगंत शेवटचं, हायवेचे ट्रकवाले सगळे त्याच्याकडंच. मोठ्या तोंडाचा मानूस, शिवीबिगर वाक्य न्हाई, पन काम नीट. मी म्हनलो रफीकभाई, माज्या इज्जतीचा सवाल हाय, ही बॅटरी रातीत कोन पितंय ते मला पाहिजे. तो म्हनला, रडू नको बे, पयले बॅटरीच बघू. काचेच्या पिचकारीनं त्यानं एकेक घरातलं अ‍ॅसिड वर वढलं, आतली गोळी कुठपोतर तरंगती ते बघितलं, सगळी घरं सारखी. म्हनला, माल चांगला हाय, तुजा साहेब गाढव हाय. चार्जिंगला लावली आन् मला म्हनला, आज ही हितंच ठिवून जा, सुटी. दुसरी घालून गाडी घेऊन जा. सकाळी बघितली तर आपली बॅटरी जशीच्या तशी, भरल्याली. आन् त्यानं दिलेली दुसरी, जीपमदली, ती उतरल्याली.

म्हंजे बॅटरी चांगली. मंग डायनामो बघितला, इंजिन चालू ठिवून, बत्त्या लावून. डायनामो बी बरोबर भरतोय. मंग रफीकभाईनं चावी काढून घ्यायला लावली, बॅटरीची अर्थिंगची वायर सोडली आन् तिच्या आन् बॅटरीच्या मदी एक बल्ब धरला. मला म्हनला, आता बग, गाडीत कुठं बी चोरून करंट जात आसंल तर हा बल्ब पेटंल. बल्ब पेटला न्हाई. म्या आतली टपावरची बत्ती लावली, तर पेटला. बंद केली, इझला. म्हंजे बल्ब खरं सांगतोय. हॉर्न, बत्त्या, टेप, एकेक करून समदं हलवून बघितलं, वायरी हातानं दाबून बघितल्या, कुठंच काई न्हाई. आमी दोगं घामानं निथळत व्हतो. रफीकभाई दगडावर बसला, बिडी पेटवली आन् म्हनला, वैजनाथ, ही गाडी बॅटरी पित न्हाई. कोनतरी भायरचं पितंय.

मला पटंना. पन नशिबानं साहेब संघाच्या कामानं मुंबईला गेले, परळीहून रेल्वेनं, मी त्यांना स्टेशनला सोडलं आन् त्या दिवशी गाडी बंगल्यावर न नेता माज्या घराम्होरं लावली. सुरेखा म्हनली, हिला कशाला आनलं हितं, अपशकुनी. सकाळी चावी फिरवली, पयल्या झटक्यात चालू. मी तसाच स्टेरिंगवर डोकं ठिवून बसलो. गाडीत खोट न्हाई. बॅटरीत खोट न्हाई. माज्यात खोट न्हाई. खोट बंगल्यात हाय.

तवा म्या बोनेट नीट बघितलं. जुन्या जीपला बोनेटच्या दोनी बाजूला कड्या असत्यात, कुनी बी भायरून उघडावं. आतनं टर्मिनलवर बघितलं तर शिशावर बारीक दातांच्या खुना, नव्या, चकचकीत. चिमटे लावतंय कुनीतरी. मला वाटलं बंगल्याचा वॉचमन आसंल, रेडिओ ऐकत आसंल. लई राग आला. ह्याच्या रेडिओपायी माज्या कानफटात.

साहेब परत आले, गाडी पुन्ना बंगल्यावर. त्या दिवशी म्या गाडी शेडमदी लावली, चावी दिली, सायकलीवर बसून निघालो आन् मागच्या अंगानं परत आलो. शेडच्या मागं कडब्याची कोठी, तिथं पेंड्यांच्या आड हुबा राहिलो. दिवेलागनीची येळ. बंगल्यात ट्यूबलाइटी लागल्या, कूलर सुरू झाला, त्याचा आवाज यायला लागला. मंग काठीचा आवाज आला. टक, टक. मोठी माय.

ती दम खात आली, जीपला हात लावून हुबी राहिली, श्वास बसूस्तोवर. मंग कड्या काढल्या, बोनेट वर करून काठीनं टेकवलं, पदराखालून वायर काढली, दोनी चिमटे लावले, बरोबर लावले, एकाला लाल चिंधी बांधल्याली. आन् वायर धरून, भितीला हात लावत, कडब्याच्या कोठीकडं आली. म्हंजे मी हुबा तिकडंच. कोठीचा अर्धा भाग पत्रा मारून येगळा केलता, मला ठाव न्हवतं, मी कदी आत गेलो न्हवतो. त्या भागात एक खाट, एक मडकं, आन् भितीला ट्रकच्या केबिनमदला छोटा पंखा खिळ्यानं ठोकल्याला. तो फिरायला लागला. आन् एका डब्यात बसवल्याला मोटारीचा बारका बल्ब लागला. ती खाटंवर बसली, तोंड त्या पंख्याम्होरं धरलं, आन् डोळे मिटून श्वास घ्यायला लागली, असा, असा, फासातून सुटल्यावानी.

मला खोकला आला कडब्याचा. ती म्हनली, कोन हाय बे? मी म्हनलो मी वैजनाथ, मोठे माय. ती घाबरली न्हाई. म्हनली, ये आत. मी म्हनलो मोठे माय, तू हितं? तुजी खोली तर वर माडीला. ती म्हनली, व्हती.

तिनंच सांगितलं मंग. लेकानं हिरीची जमीन नावावर करून मागितली. त्याला हीर बंद करून पाइपलाइन टाकायची व्हती, उसाला, आन् राहिलेलं पानी टँकरवाल्या गुत्तेदाराला इकायचं. ती म्हनली, पाऊस पडूस्तोवर न्हाई, लोक मरत्याल. सून म्हनली, मंग ऱ्हावा लोकांच्याच घरी. एक दिस खाट खाली आनली, माडी चढताना तुमाला दम लागतो म्हनून. मंग हितनं तिकडं करत कोठीत. हितं एक तार व्हती, बल्बाची, पंख्याची, ती बी तोडली, म्हनले मीटरवर लोड येतो. तुमी सांगा मला, कूलरनं लोड येत न्हाई, मायच्या पंख्यानं येतो. पत्र्याची कोठी, वैशाखातलं ऊन, दम्याची बाई. बंगल्यात कुत्र्याला बी फरशीवर झोपू देत व्हते.

म्हनली, मला काय ठाव तुज्या अंगावर येतंय ते. पंखा भंगारातनं घेतला, वायर आमच्या जुन्या मळनी यंत्राची. गाडी कशी बी रातभर हुबीच असती, वाटलं थोडी घेतली तर काय व्हतंय. वैजू, तुला मारलं का रे त्यानं? मी म्हनलो न्हाई. म्हनली, खोटं बोलू नको, मी त्याची माय हाय.

मी म्हनलो, मोठे माय, तू हिरीवर कावून जात न्हाईस, मोटारीच्या खोलीत ऱ्हा, तिथं लाइट हाय तुज्याच नावाची. तर म्हनली, हे घर म्या शेनानं सारवून हुबं केलंय, मी चोरावानी कावून निघू? त्याला लाज वाटंल एक दिस. मी वाट बगते.

घरी आलो, जेवन गेलं न्हाई. त्याच्या गाडीत बसतोय आपुन, त्याच्या बाजूला, त्याचा अत्तराचा वास घेतोय. सुरेखाला सांगितलं. ती म्हनली, सरळ जाऊन सांगा त्याला, बॅटरी तुज्या मायनं उतरवली म्हनून, तुमच्या नावावरचा डाग जाईल. मी म्हनलो, आन् तिचा पंखा? सुरेखा म्हनली, माज्या मायला बी दमा व्हता. एवढंच. उठली आन् भांडी घासायला गेली.

रफीकभाईकडं गेलो. त्याला सांगितलं तर त्यानं ज्या शिव्या दिल्या त्या तुमी लिहू नका. मंग भंगारातल्या बॅटऱ्यांमदून एक बरी काढली, भरून दिली, म्हनला, माँ के वास्ते हाय, आनत जा, भरून नेत जा. ती बॅटरी म्या पोत्यात घालून कोठीत नेऊन ठिवली, कडब्याखाली, आन् दर दोन-तीन दिसानं दूध पोचवायच्या निमतानं बदलायला लागलो. जीप रोज सकाळी पयल्या झटक्यात चालू. मला वाटलं, मिटलं.

मिटत न्हाई असं. साहेबांना चोर पाहिजे व्हता. समद्यांम्होरं मारलं व्हतं न्हवं, मग मी चोर निघालोच पाहिजे, न्हाई तर ते खोटे पडनार. हप्ता सरला आन् बंगल्यावर संघाच्या डायरेक्टर लोकांची पंगत व्हती. दुपारची. मांडव टाकलेला, आमरस, पुरनपोळ्या, बर्फ घातलेलं पानी. त्या दुष्काळात. छावनीचं काम चांगलं झालं म्हनून पंगत. मी वाढायला. साहेब म्हनले, वैजनाथ, हिकडं ये, सांग समद्यांना, काय सापडलं?

मी म्हनलो, साहेब, वायरिंग जुनी व्हती, रफीकभाईनं बदलली, आता चालतीय.

साहेब हसले. म्हनले, बगा, वायरिंग म्हनं. मंगळवारपोतर वायरिंग खराब आन् मी चौकीचं नाव काढल्यावर आपोआप दुरुस्त. बोल, कोनाला दिलती बॅटरी? एक डायरेक्टर, रस वरपत, म्हनला, अहो ह्या ड्रायव्हर लोकांना चौकीतच नीट कळतंय. दुसरा म्हनला, हितंच बोलवा जमादाराला, जेवून जाईल तो बी. हसले सगळे. मी तिथं हुबा, हातात रसाची बादली.

आन् काठीचा आवाज आला.

मोठी माय मांडवात आली. उन्हातनं आलती, तोंड काळंठिक्कर, श्वास मावत न्हवता. हातात ती वायर, लाल चिंधीची. ती लेकाम्होरं हुबी राहिली आन् म्हनली, त्याला कावून बोलतो बे? बॅटरी मी उतरवत व्हते. माजा पंखा चालायचा त्याच्यावर. तू माजी तार तोडली म्हनून. कडब्याच्या कोठीत ऱ्हाते मी, तुमाला कुनाला ठाव न्हाई, म्हनून सांगते. हिरीचं पानी लोकांचं त्वांड बांधून ह्याला पाहिजे, म्हनून ठिवलंय मला तिथं.

समद्यांचे हात पानावर थांबले. मी एकेकाचं तोंड बगत व्हतो. ह्यातली निम्मी मानसं तिच्या हातचं जेवल्याली. वाटलं, कोनतरी उठंल. एकजन तरी पानावरनं उठंल आन् म्हनंल, मोठे माय, हे काय ऐकतोय आमी. मी खरंच वाट बघितली.

साहेब लई गोड आवाजात म्हनले, वय झालंय, डोक्यावर परिनाम झालाय आईच्या, उन्हाचा त्रास व्हतो. आन् तो रस वरपनारा, त्यानं मान हलवली, म्हनला, व्हतं असं म्हातारपनी, आमच्या बी घरात हाय. आन् माज्याकडं वाटी केली. रस वाढ म्हनून. हळूहळू पुन्ना सगळे जेवायला लागले, तो भुरके मारायचा आवाज, पुन्ना सुरू झाला. तो आवाज, काय सांगू तुमाला, म्या आयुष्यात घान लई बघितली, गटारात उतरलोय गाडीखाली, मेलेलं जनावर रस्त्यावरनं वढलंय, पन त्या भुरक्यांसारखी घान न्हाई.

म्या बादली खाली ठिवली. चावी खिशातनं काढून साहेबांच्या ताटाशेजारी ठिवली. मोठी माय म्हनली, वैजू, मला हिरीवर सोड. मी म्हनलो, चल. साहेब म्हनले, जीपला हात लावायचा न्हाई. ती म्हनली, तुजी जीप नको मला, तिच्यात लई वास येतो.

पायी गेलो. कोठीतला तिचा पंखा, एक गठुडं, एवढंच म्या घेतलं, खाट मागनं नेली. भर उन्हात, थांबत थांबत, बाभळीच्या सावलीला बसत. गावातनं जाताना लोक दारात आले, इचारायला लागले, मोठे माय कुनीकडं, आन् ती सरळ सांगायची, लेकानं ठिवलं न्हाई, हिरीवर चालले. एकदा न्हाई, प्रत्येक दाराला सांगितलं. आवाज बसला तरी सांगितलं. तिला वाट पाहायची व्हती लाजंची, ती संपली, आता ती लाज वाटत चालली व्हती, दारोदार.

हिरीवर बाया रांगंत व्हत्या. त्यांनी मोटारीची खोली झाडली, घागरीतलं आपलं पानी शिंपडलं, एकीनं आपला पंखा आनून दिला, मोठा, टेबलावरचा. बारका पंखा मी रफीकभाईला परत नेऊन दिला. पुढं बाया आळीपाळीनं तिच्याजवळ झोपायला जायच्या. माज्या सुरेखानं बी किती राती काढल्या तिथं. मोठी माय त्या खोलीत पाऊस पडूस्तोवर राहिली, आन् पाऊस पडल्यावर बी राहिली, परत गेली न्हाई, तिथंच वारली पुढं काई वर्सांनी, दम्यानंच. लोकांनी उचलली. लेक आला, भस्म लावून, रडला बी. फोटो काढले.

तुमाला वाटंल मंग त्याला काई झालं आसंल. काई न्हाई झालं. निवडनुकीला पुन्ना निवडून आला. मांडवातले सगळे पुन्ना डायरेक्टर. माय गेल्यावर हीर वारसानं त्याच्याच नावावर आली, तिला जाळी बसवली, कुलूप लावलं, आता तिथं ऊस हाय, डोक्याहून उंच. गावाला टँकर येतो. आन् माजं म्हनाल तर बरीच वर्सं कुनी गाडीवर घेतलं न्हाई, चेरमनची बॅटरी इकनारा ड्रायव्हर म्हनून. मांडवात एवढ्या लोकांनी कानानं ऐकलं व्हतं, तरी भायेर गोष्ट तीच राहिली. आजबी एखादा म्हातारा धाब्यावर भेटला की हसून इचारतो, काय वैजनाथ, बॅटरी हाय का इकायला? पयले भांडायचो. आता चहा पितो आन् उठतो.

रफीकभाईच्या दुकानात काम केलं, मंग ही जुनी काळीपिवळी घेतली, बीड-मांजरसुंबा, कार्तिकात कपिलधारच्या यात्रेला जरा धंदा, बाकी चाललंय. लेकीचं लगीन झालं, सुखात हाय. सुरेखाची गुडघेदुखी सोडली तर तक्रार न्हाई. तुमी दूरनं आलात, माजं एवढं ऐकून घेतलंत, तुमचं भलं होवो, तुमच्या मायबापाचं भलं होवो, जिते आसतील तर त्यांना घरात हवेशीर जागा द्या.

आता बसा, सीटं भरत आली. म्होरं बसा, माज्या बाजूला. वाटंत त्याच्या गावाचा फाटा लागंल, तिथं त्यानं मायच्या नावाची कमान बांधलीय, हायवेवरनं दिसंल अशी, संगमरवरी अक्षरं, रातीला बी उजेड असतो तिच्यावर. गाडीतले लोक हात जोडत्यात, त्यांना ठाव न्हाई. तुमी जोडू नका. एवढंच करा माज्यासाठी.